चित्रातला वारा

माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरं आहे, आणि त्याचं कारणही सांगते. गेली तीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवर चित्रं लावते आणि लोक गेली तीस वर्षं मला विचारतात, "एक खिळा ठोकायला एवढं काय हो?" खिळा कुणीही ठोकेल. पण भिंत सरळ नसते, छत त्याहून सरळ नसतं, आणि गिऱ्हाइकाला या दोन्हीचा पत्ता नसतो. सगळं तिरकं असताना चित्र सरळ दिसायला लावणं हा माझा धंदा आहे.

दुकान वडिलांचं. पुढे काउंटर, मागे लाकडी पट्ट्यांचा ढीग, कापायचं टेबल, आणि भिंतीला लागून माझा मोठा प्रिंटर. तो कागदाच्या गुंडाळीवर हवी तेवढी लांब छपाई करतो. वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप खरं मानायचं नाही, स्वतः जाऊन मोजायचं. आणि खोलीत उजेड ज्या बाजूने येतो, त्याच बाजूने चित्रातही आला पाहिजे. खिडकी डावीकडे आणि चित्रातलं ऊन उजवीकडून, असं झालं की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकत राहतं.

म्हणून मी चित्रं उलटवते. समुद्र असो, जंगल असो, त्यात अक्षरं, गाड्या, माणसं नसली की आरशात दिसावं तसं डाव्याचं उजवं करून छापते. गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही. सांगितलं की ते विचार करायला लागतात, आणि गिऱ्हाइकाने विचार केला की काम आठवडाभर लांबतं. फ्रेमच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलने 'आरसा' एवढं लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा प्रत काढायची वेळ आली तर मला कळावं. असे कितीतरी समुद्र मी उलटवले. एकाही समुद्राने तक्रार केली नाही.

तीन महिन्यांपूर्वी एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवतात. मनातल्या मनात मी त्यांना मास्तरीणबाई म्हणायला लागले, कारण माझ्या पावतीवरची बेरीज त्यांनी उभ्याउभ्या दोनदा तपासली. त्यांना वाळवंटातल्या रस्त्याचा लांबलचक फोटो हवा होता, आणि तोही एका ठरावीक रस्त्याचाच. कुठल्याशा छायाचित्रकाराने नऊ फोटो शेजारी शेजारी काढून ते जोडून केलेला. तो त्यांनी इंटरनेटवर शोधून ठेवला होता. छापायची परवानगी मी मिळवली.

"वडिलांच्या खोलीत लावायचाय," त्या म्हणाल्या. "बाबा ट्रक चालवायचे. अठ्ठावीस वर्षं याच रस्त्यावर. आता नजर कमी झाली, लायसन्स गेलं. घरात बसून असतात."

हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण एका कानाने ऐकलं, कारण दुसऱ्या बाजूला माझं डोकं मापात गुंतलं होतं. नऊ फूट लांब आणि सव्वादोन फूट उंच, काच नाही, पातळ काळी चौकट.

फोटो चांगला होता. मधोमध रस्ता, सरळ आत जाणारा. क्षितिजावर सपाट माथ्याचा एक डोंगर. उजव्या हाताला तारांच्या खांबांची रांग, त्यातला एक खांब कललेला. डाव्या हाताला वाळूच्या टेकड्या, आणि तिकडून वाळूची एक जीभ रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत आलेली. गाडी नाही, पाटी नाही, माणूस नाही. ऊन उजवीकडून. मी घर पाहून आले तर म्हाताऱ्याच्या खोलीची खिडकी डावीकडे. मग काय, उलटवला.

लावला त्या दिवशी म्हाताऱ्याला अचानक दाखवायचं म्हणून लेकीने त्याला आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. जावयाने एक टोक धरलं, मी दुसरं. पाणसळ लावून पातळी पाहिली, मग पाणसळीचं न ऐकता डोळ्याने अर्धं बोट खाली घेतलं. खिडकीतलं ऊन चित्रातल्या उन्हाला असं जाऊन मिळालं की भिंतीला भोक पडून पलीकडे रस्ता लागल्यासारखं वाटलं. मी स्वतःवर फार खूश होऊन घरी आले.

तीन महिन्यांनी, एका सोमवारी शाळा सुटल्यावर मास्तरीणबाई दुकानात आल्या. हातात एक वही.

"ताई, ते चित्र परत घ्याल का? पैसे नकोत. फक्त काढून न्या."

माझा पारा चढला. तीस वर्षांत माझं एकही चित्र परत आलेलं नाही. "काय बिघडलं त्याचं? रंग उडाला? वाकलं?"

"चित्राला काही झालं नाही. बाबांना झालंय," त्या म्हणाल्या आणि काउंटरच्या स्टुलावर बसल्या. इतकं बोलून त्यांचे डोळे भरले. मग माझा आवाज आपोआप खाली आला.

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. अक्षर वळणदार, डावीकडे तारखा, जसा पेपर तपासावा तसा समास आखलेला. मी वाचत गेले.

तीन तारीख. विचारलं, खांब कुठल्या बाजूला? म्हणाले, उजवीकडे. चित्रात डावीकडे आहेत हे दाखवलं. म्हणाले, चित्र चुकलंय.

नऊ तारीख. म्हणाले, या चित्रात वारा उलटा आहे.

चौदा तारीख. चित्रासमोर उजवा कान झाकून उभे होते. विचारलं तर म्हणाले, वारा चुकीच्या बाजूने येतोय.

वीस तारीख. डाव्या कानात वाळू आहे म्हणाले.

अठ्ठावीस तारीख. गॅस चालू राहिला होता. शेजाऱ्यांना वास आला.

"गॅसपासून मला झोप नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आई गेल्यापासून ते एकटे राहतात. गुरुवारी डॉक्टर घरी येणार आहेत. एकटे राहू शकतात की नाही, ते सांगतील. आम्ही त्यांना आमच्याकडे न्यायचं ठरवलंय, चौथ्या मजल्यावर. ते घर बंद करायचं. बाबा म्हणतात, मला उंच टांगू नका. पण ताई, जो माणूस अठ्ठावीस वर्षं एका रस्त्यावर गेला त्याला त्या रस्त्याचं डावं-उजवं आठवत नाही. आपलं चुकलं हेही पटत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, हे महत्त्वाचं लक्षण आहे, लिहून ठेवा."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, बाई, ते मी उलटवलंय. पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, समोरच्याला फाडून खायला मी एका पायावर तयार असते. आपली चूक बोलायची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली.

"बुधवारी येऊन बघते," मी म्हणाले. "एवढी लांब फ्रेम काढताना प्लास्टर निघतं. आधी हुक तपासावे लागतील." हुकांना काहीही झालेलं नव्हतं. मीच बसवले होते.

त्या गेल्यावर मी मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडला. खांब उजवीकडे होते. वाळू डावीकडून. म्हाताऱ्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि ते वहीत चूक म्हणून नोंदलेलं होतं, तेही माझ्यामुळे.

मंगळवारचा दिवस मी स्वतःशी भांडण्यात घालवला. एक पळवाट दिसत होती. सरळ प्रत छापायची, कागद खराब निघाला असं काहीतरी सांगून गुपचूप बदलून टाकायची. कुणाला काय कळणार? मग लक्षात आलं की म्हाताऱ्याला तर लगेच कळेल. तो म्हणेल, आता खांब बरोबर जागी आले. आणि मास्तरीणबाई वहीत लिहितील, आज म्हणाले, खांब एका रात्रीत सरकले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल घेऊन मी दिवसभर दुकानात फिरत होते.

बुधवारी दुपारी शिडी घेऊन गेले. म्हाताऱ्याने स्वतः दार उघडलं. उंच, खांद्यातून किंचित वाकलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"फ्रेमवाल्या बाई ना? या. लेक चारला येईल शाळेतून. तुम्ही या बाजूच्या खुर्चीत बसा, त्या कानात वाळू आहे."

मी बसले. खोली लख्ख होती. पलंगाची चादर ताणलेली, औषधं ओळीत, टेबलावर दाढीचा आरसा आणि ब्रश. आणि समोर नऊ फुटांचा माझा रस्ता.

"कानात वाळू म्हणजे काय, काका?"

"अहो, चेष्टा आहे ती. बायकोची आहे मुळात." ते हसले. "तो रस्ता दुपारी धरायचा, भर वाऱ्यात. वारा कायम डावीकडून. काच कितीही वर घ्या, डाव्या कानात वाळू जायचीच. परत यायचो ते पहाटे, तेव्हा वारा झोपलेला असायचा. म्हणून सगळी वाळू एकाच कानात. घरी आलो की बायको कान धुऊन द्यायची आणि म्हणायची, आणला माझा वाटा. पुढे त्या कानाने कमीच ऐकू यायला लागलं. तेव्हापासून आम्ही म्हणतो, त्या कानात वाळू आहे. लेकीला माहीत असेल असं मला वाटलं होतं. ती लहान होती तेव्हा."

"मग या चित्राचं काय?"

त्यांनी चित्राकडे पाहिलं नाही. "चित्र छान आहे," ते म्हणाले.

"वारा उलटा आहे म्हणालात ना?"

"म्हणत होतो. बघा, समोर डोंगर दिसतोय म्हणजे आपण जातोय. येताना तो डोंगर पाठीला असतो. जाताना वाळू डावीकडून रस्त्यावर चढते आणि खांब उजवीकडे असतात. तो कललेला खांब आहे ना, तिथे मी एकदा दीड दिवस ट्रक घेऊन अडकलो होतो. खांबाच्या सावलीत बसलो, सावली सरकली की मीही सरकायचो. तो खांब कुठल्या बाजूला आहे हे मी विसरेन का? असं मला वाटायचं."

"वाटायचं?"

"आता नाही वाटत." त्यांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. जाड पुठ्ठ्याचा तुकडा, औषधाच्या खोक्याचा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, खांब डावीकडे, वारा उजवीकडून.

"पाठ करतोय," ते म्हणाले. "उद्या डॉक्टर येणार आहेत. ते विचारतील. मी माझं खरं बोलत बसलो तर मला चौथ्या मजल्यावर नेतील. त्यापेक्षा भिंतीवर आहे तसं बोलावं. पहिल्यांदा नाटक म्हणून पाठ करायला घेतलं. पण बाई, रोज सकाळी उठलं की तेच समोर दिसतं. माणूस भिंतीशी किती दिवस भांडणार? परवा डोळे मिटून बघितलं तर खांब डावीकडेच दिसले. तेव्हा म्हटलं, पोरीचं खरं असेल. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आमची तर साठी जाऊन अठरा वर्षं झाली."

तो पुठ्ठा माझ्या हातात होता. मला इतकी शरम वाटली की मान वर करवेना. एका माणसाकडे त्याच्या सगळ्या आयुष्यातून पक्का असा एक रस्ता उरला होता, आणि खिडकीच्या उजेडापायी तो मी त्याच्याकडून काढून घेतला होता.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "काका, खांब उजवीकडेच आहेत. चित्र मी उलटवलंय."

ते नम्रपणे हसले. "काय म्हणालात? तुम्ही वाळूच्या बाजूला उभ्या आहात."

एकदा बोलायलाच माझा जीव गेला होता. मी फिरून दुसऱ्या बाजूला आले आणि पुन्हा बोलले. या खेपेला सगळं सांगितलं, खिडकी, उजेड, वडिलांचा नियम, पाठीवरचा शब्द, आणि सोमवारी तोंड न उघडलेलंसुद्धा.

ते म्हणाले, "नक्की?"

"नक्की. मूळ फोटो दुकानात आहे."

"मग तीन महिने तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी टेबलावरचा दाढीचा आरसा उचलला. चित्राकडे पाठ करून पलंगाच्या कडेवर बसले आणि आरसा डोळ्यांसमोर धरून खांद्यावरून मागे बघायला लागले. आरसा लहान, चित्र नऊ फूट. थोडं थोडं सरकवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, मग परत आले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

"हा बघा," ते म्हणाले. "हा माझा खांब."

मास्तरीणबाई आल्या तेव्हा आम्ही दोघं तसेच होतो. बाप चित्राकडे पाठ करून आरशात बघतोय आणि फ्रेमवाली बाजूला डोळे पुसतेय. त्यांनी दारातच पिशवी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसली, आज वहीत काय लिहावं लागणार याची.

"फ्रेमचं दुसरं टोक धरा," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून टेकवलं. कोपऱ्यातला पेन्सिलचा शब्द मी बोटाने दाखवला. मग मोबाईलवर मूळ फोटो दाखवला. मग सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते जरासुद्धा सोपं झालं नाही. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, आणि मला ते चाललं असतं. त्या ओरडल्या नाहीत. वही काढून वडिलांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

"बाबा, कानात वाळू म्हणजे?"

त्यांनी बायकोची चेष्टा पुन्हा सांगितली. मास्तरीणबाईंनी पेन घेतलं आणि तीन तारखेवर रेघ मारली. मग नऊ, चौदा, वीस. प्रत्येक नोंद आधी मोठ्याने वाचायची, मग खोडायची. शेवटच्या ओळीवर त्यांचा पेन तसाच पुढे गेला.

"ते खोडू नकोस," म्हातारबा म्हणाले. "गॅस मीच विसरलो होतो. ते खरं आहे."

मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी शिडी घेऊन बाहेर पडले. उलटं चित्र नेण्यासाठी दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवला.

गुरुवारी डॉक्टर आले, ते मला नंतर मास्तरीणबाईंकडून कळलं. भिंत मोकळी होती. डॉक्टरांनी तारीख, वार, औषधांची नावं विचारली, मग फोनवर ऐकलेलं लक्षात ठेवून म्हणाले, आजोबा, तुमच्या त्या रस्त्यावर खांब कुठल्या बाजूला होते? म्हाताऱ्याने विचारलं, जाताना की येताना? डॉक्टरांना ते सांगता येईना. विसराळूपणा थोडा आहे, असं त्यांनी लिहून दिलं. गॅस काढून विजेची शेगडी आणायची, लेकीने दिवसाआड यायचं, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. घर बंद करायचं सध्या राहिलं.

शनिवारी मी सरळ प्रत घेऊन गेले. या वेळी म्हातारबा खुर्ची टाकून समोर बसले होते. जावयाने एक टोक धरलं, मी दुसरं. लावून झाल्यावर मागे सरून पाहिलं आणि मला जे खटकायचं ते खटकलंच. खिडकी डावीकडे, चित्रातलं ऊन उजवीकडून. माझ्या वडिलांनी हे काम बघितलं असतं तर शिडीवरून खाली ओढलं असतं.

"काका, उजेड जमत नाहीये," मी म्हणाले. "खिडकीला जाड पडदा लावला तर जरा बरं दिसेल."

ट्रकमध्ये वाळू नको म्हणून घ्यावी तशी त्यांनी उठून खिडकीची काच ओढून घेतली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

"ऊन कुठूनही येऊ द्या, बाई," ते म्हणाले. "वारा बरोबर आहे."